भूलतज्ज्ञ नवऱ्याला अजून झोप लागत नाही. कोविडच्या साथीत राबलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांचं पुढे काय झालं?

निशिगंध (शुक्रवार, रात्री ११.४०)

माझा नवरा भूलतज्ज्ञ आहे. एका हॉस्पिटलचा पगारी नाही, कॉलवर जाणारा. नागपुरात सकाळी धंतोली, दुपारी रामदासपेठ, संध्याकाळी सक्करदऱ्याला एखादं सिझेरियन. वीस वर्षं हेच. टेबलावरच्या पेशंटला मास्क लावायच्या आधी तो एकच वाक्य म्हणायचा, "आता छान झोप लागेल, उठल्यावर भेटू." सिस्टर लोक त्याची नक्कल करायच्या, इतकं ते ठरलेलं.

मार्च-एप्रिल २०२१ मध्ये शहरातल्या भूलतज्ज्ञांना ऑपरेशनची कामं नव्हतीच. सगळे आयसीयूत, श्वासनळीत ट्यूब टाकायला. पेशंट धापा टाकत असायचा, पण शुद्धीवर. ट्यूब टाकायची म्हणजे आधी त्याला झोपवायचं. पीपीईतून फक्त डोळे दिसायचे, म्हणून हा छातीवर स्केचपेनने नाव लिहून जायचा. आणि पहिले काही दिवस तेच वाक्य म्हणत राहिला. "उठल्यावर भेटू."

त्यातले बहुतेक उठले नाहीत.

हे त्याने मला तेव्हा सांगितलं नाही. मागच्या वर्षी एका सिस्टरकडून कळलं की डॉक्टर आता टेबलावर काहीच बोलत नाहीत, हर्नियाच्या पेशंटशीसुद्धा नाही. रात्री तीनशिवाय झोप नाही. फोन कधीही सायलेंटवर नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या आजोबांना बघायला गेलो, त्यांच्याकडे ऑक्सिजनचं मशीन लावलंय. त्याचा तो घुर्र-फुस्स आवाज आला आणि हा चहाचा कप तसाच ठेवून खाली गेला. वीस मिनिटांनी मला गाडीत बसलेला सापडला. एसी बंद, काचा बंद, बाहेर ४१ डिग्री.

विचारलं तर म्हणतो, "मला काय झालंय? काम करतोय ना मी."

काम करतोय, हे खरं आहे. एकही केस चुकवत नाही. पाच वर्षं होत आली. इथे डॉक्टर मंडळी आहेत, त्यांच्या घरचेही आहेत. तुमच्याकडे असं काही झालं का? आपोआप गेलं का? आणि जो म्हणतो मला काही झालंच नाही, त्याला कुणाकडे कसं न्यायचं?

---

तर्रीपोहे (रात्री ११.५८)

ताई, वाचून गलबलून आलं. आमच्या आईला त्याच एप्रिलमध्ये अशाच कुणा अनोळखी डॉक्टरने वाचवलं. चेहरा आजही माहीत नाही. काळ जाऊ द्या, हळूहळू बरं होईल.

---

एक्सरेवाला (शनिवार, सकाळी ६.१०)

@तर्रीपोहे, काळाने होईल असं मलाही वाटायचं, म्हणून लिहितोय.

मी रेडिओलॉजिस्ट. माझा पेशंटशी संबंध काचेपलीकडून. एप्रिल २०२१ मध्ये सेंटरबाहेर रांग रस्त्यापर्यंत असायची. आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायला दिवस लागायचे, त्यामुळे जो तो एचआरसीटी, म्हणजे छातीचा सीटी स्कॅन, करायला यायचा. फुफ्फुस किती खराब झालंय त्याचा २५ पैकी स्कोअर द्यायचा. २५ पैकी ८ आला की नातेवाईक हात जोडायचे, २२ आला की तो आकडा मीच पहिल्यांदा बघायचो. पेशंट बाहेर खुर्चीवर बसून फोनवर बोलत असायचा आणि मला स्क्रीनवर दिसायचं की याच्या फुफ्फुसात हवेला जागाच उरली नाही.

एका रात्री नाव न वाचता स्कॅन उघडला. २३. मग नाव वाचलं. मला शिकवलेले सर होते.

मी कधीच कुणाला काही बोललो नाही, कारण मला वाटायचं आपल्याला त्रास व्हायचा हक्कच नाही. आयसीयूत उभे राहिले ते दुसरे. आपण एसीत बसून रिपोर्ट लिहिले. दोन वर्षांनी एका साध्या न्यूमोनियाच्या स्कॅनवर हात थरथरायला लागला, रिपोर्ट लिहिता येईना. तेव्हा गेलो डॉक्टरकडे. आधीच जायला हवं होतं.

निशिगंध, तुमच्या मिस्टरांना मी कदाचित ओळखतही असेन. नागपूर केवढंसं.

---

वऱ्हाडी ठेचा (सकाळी ९.३०)

राग आला तं येऊ द्या, पण मी बोलतो.

माह्या बापाले त्याच महिन्यात घेऊन फिरलो. सात दवाखाने. आठव्यात बेड भेटला तं आधी डिपॉझिट भरा म्हणे, दीड लाख. सरकारनं मे २०२० मध्येच दर ठरवून देल्ले होते ना? साधा वॉर्ड ४ हजार, आयसीयू साडेसात, व्हेंटिलेटर ९ हजार रोज. आमच्या बिलात पीपीई किट वेगळं, औषध वेगळं, कन्सल्टंटची व्हिजिट वेगळी. रेमडेसिवीरसाठी मी रात्रभर गांधीबागेत, मग कामठी रोडवर. बाप गेला बाराव्या दिवशी. आमच्यातल्या कोणालेच तोंड पाहू देल्लं नाही.

डॉक्टरायच्या मनाचं काय झालं हे विचारता, विचारा. पण ज्यायनं सोनं गहाण ठेवलं त्यायच्या मनाचं कोण विचारते?

---

काळी माती (सकाळी १०.०५)

ठेचाभाऊ, तुमचं दुःख खरं आहे आणि बिलाचा रागही. पण धागा एका बाईने नवऱ्यासाठी काढलाय. कॉलवर जाणाऱ्या भूलतज्ज्ञाला त्या डिपॉझिटमधलं काय मिळालं असेल?

---

वऱ्हाडी ठेचा (सकाळी १०.१२)

मी त्या ताईले काही म्हटलं नाही. मी विचारलं, बस.

---

श्वास (दुपारी २.२५)

मी छातीविकारतज्ज्ञ. ठेचा यांना उत्तर देणं मला गरजेचं वाटतं, कारण त्या सात दवाखान्यांपैकी एकात नाही म्हणणारा मी असू शकतो.

नाही कसं म्हणायचो ते सांगतो. माझ्याकडे एक वही होती. त्यात ज्यांना बेड देता आला नाही त्यांची नावं, वय, सॅच्युरेशन. पहिल्या आठवड्यात लिहिली, कारण वाटलं की बेड रिकामा झाला की फोन करू. दुसऱ्या आठवड्यात लिहिणं सोडलं. एका संध्याकाळी श्वासाला मदत करणारं एकच बायपॅप मशीन मोकळं होतं आणि दोन पेशंट. एक ३४ वर्षांचा, एक ६१ वर्षांची. कागदावर उत्तर सोपं होतं. ६१ वर्षांच्या बाईंची मुलगी कॉलेजात माझ्या एक वर्ष मागे होती. तिने काहीच भांडण केलं नाही. म्हणाली, "सर, तुम्हाला बरोबर वाटतं ते करा." तिने शिव्या दिल्या असत्या तर मला आज झोप लागली असती.

ऑक्सिजनचंही तसंच. रोज संध्याकाळी किती तास पुरेल याचा हिशेब. भिलाईहून टँकर निघाला का, कुठे अडकला. २३ एप्रिलच्या रात्री विशाखापट्टणमहून टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन रेल्वे नागपूर स्टेशनात आली. तीन टँकर इथे उतरले, बाकीचे नाशिकला गेले. त्या रात्री आमच्या ग्रुपवर कुणीतरी स्टेशनचा फोटो टाकला आणि आम्ही चाळिशीतली माणसं नुसते रडायचे इमोजी टाकत बसलो.

हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला १० हजार रेमडेसिवीर नागपूरला द्या असा आदेश काढावा लागला, अशी वेळ होती. चिठ्ठी लिहिणारा मी. नातेवाइकाच्या हातात ती चिठ्ठी देताना मला माहीत असायचं की हा आता रात्रभर फिरणार. आणि हेही माहीत असायचं की या औषधाने जीव वाचतोच असा पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच ते देऊ नका असं सुचवलं होतं. तरी लिहायचो. न लिहिलं तर "डॉक्टरने प्रयत्नच केले नाहीत" हे त्या घरात कायमचं राहिलं असतं. ठेचाभाऊ, कामठी रोडवर तुम्ही जी रात्र काढली, ती माझ्यासारख्या कुणाच्या तरी सहीमुळे काढली. हे मी कुणालाच बोललो नव्हतो.

---

मेसचा डबा (दुपारी ३.५०)

मी तेव्हा एका सरकारी कॉलेजात मेडिसिनचा निवासी डॉक्टर होतो. श्वास सरांना बेड नव्हते म्हणून नाही म्हणता यायचं. आम्हाला तेही नव्हतं. आलेला पेशंट घ्यायचाच, खाली गादी टाकून घ्यायचा.

लोकांना पीपीई म्हणजे काय वाटतं माहीत नाही. नागपूरचा मे महिना, बाहेर ४५, वॉर्डात एसी नाही, कूलर लावायचे नाहीत. आत गेलं की सहा तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. बाहेर येऊन गमबूट उलटा केला की घाम सांडायचा, खरंच धार लागायची. माझा पार्टनर नवतपात, मेअखेरच्या त्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत, दोनदा चक्कर येऊन पडला, सलाईन लावून घेतलं, परत आत.

वरून १८ एप्रिल २०२१ ची नीट पीजी, म्हणजे एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा, पुढे ढकलली, ती सप्टेंबरला झाली. म्हणजे खालची नवी बॅच नाहीच. आम्हीच ज्युनिअर, आम्हीच सिनिअर. निवासी डॉक्टरांसाठीच्या १९९२ च्या केंद्रीय योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलंय. आम्ही ते हॉस्टेलच्या दारावर चिकटवलं होतं, येता-जाता हसायला.

आता माझी प्रॅक्टिस आहे, बायको-मुलगी आहे, सगळं छान आहे. फक्त सर्टिफिकेट लिहिता येत नाही. मृत्यूचा दाखला. एका रात्रीत १४ लिहिले होते. आता दाखला लिहायची वेळ आली की मी सहकाऱ्याला फोन करतो. तो काही न विचारता येतो.

---

तर्रीपोहे (दुपारी ४.१५)

मी काल रात्री "काळ जाऊ द्या" लिहिलं ते मागे घेतो.

---

पारिजात (दुपारी ४.४०)

शेजाऱ्यांचंही लिहा कुणीतरी. माझी बहीण स्त्रीरोगतज्ज्ञ. २२ मार्च २०२० ला आमच्या सोसायटीत थाळ्या वाजवल्या, तिला गच्चीवर बोलावून टिळा लावला. १२ एप्रिलला त्याच लोकांनी सांगितलं, लिफ्ट वापरू नका. पाचवा मजला. ती पॉझिटिव्ह बाळंतिणींचे सिझेरियन करून रात्री एकला यायची आणि जिन्याने चढायची. तिचा मुलगा चार वर्षांचा, दाराच्या फटीतून बोट बाहेर काढायचा आणि ती बाहेरून त्याचं बोट बघायची. हात लावायची नाही.

डॉक्टरांवर हल्ला केला तर सात वर्षांपर्यंत कैद असा अध्यादेश २२ एप्रिल २०२० ला आला. लिफ्टसाठी कुठला कायदा लावणार?

---

संत्रानगरी (दुपारी ५.०२)

आमच्या गल्लीत उलटं झालं. एमडी डॉक्टरीणबाई एकट्या राहायच्या, तर काकवांनी पाळी लावून डबे दिले. अट एकच, डबा रिकामा परत यायचा नाही. त्या बिचाऱ्या बिस्किटांचे पुडे भरून परत पाठवायच्या. अजून आमच्या घरात पार्ले-जी कुणी विकत आणत नाही, इतके साठलेत असं आई म्हणते. 😄

---

जुना सीताबर्डीकर (सायंकाळी ७.३०)

सर्व तरुण मित्रांना नमस्कार. मी निवृत्त सर्जन, वय ७८. गॅस्ट्रोच्या साथीत वऱ्हांड्यात सलाईन लावून रात्री काढल्या आम्ही. मेंदूज्वराची लहान मुलं डोळ्यांसमोर गेली. आम्ही दुसऱ्या दिवशी ओपीडीत हजर. मन वगैरे आमच्या शब्दकोशात नव्हतं. मला वाटतं, सतत आठवत बसल्याने जखम ओली राहते. कामात गाडून घ्यावं.

---

मेसचा डबा (सायंकाळी ७.४४)

सर, आदर ठेवून विचारतो, तुमच्या बॅचचे कितीजण दारूने गेले?

---

जुना सीताबर्डीकर (रात्री ८.२०)

तीन. जवळचे.

---

मनकवडा (रात्री १०.१५)

मी मानसोपचारतज्ज्ञ. थोडं लांबेल.

आधी शब्द वेगळे करू, कारण उपाय वेगळे आहेत. कामाने माणूस पूर्ण पिळून निघतो, कशाचंच काही वाटेनासं होतं, त्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद कामाशी जोडलेली अवस्था अशी केली, आजार म्हणून नाही. सुट्टी, माणसं वाढवणं, तास कमी करणं याने फरक पडतो.

श्वास यांनी लिहिलं ते वेगळं. आपल्या हातून किंवा आपल्यासमोर आपल्याच तत्त्वांविरुद्ध काही घडलं आणि थांबवता आलं नाही, ही मनाला झालेली नैतिक इजा. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे यांनी ही कल्पना मांडली. इथे सुट्टीने काही होत नाही. ते बोलावं लागतं, आणि ज्याला त्या खोलीतलं माहीत आहे अशा माणसाशी बोललं तर जास्त उपयोग होतो.

आणि निशिगंधताई, आवाज ऐकून उठून जाणं, झोप न लागणं, फोन बंद न करता येणं, आवडीचं वाक्य गळून जाणं, हे पाच वर्षं टिकलंय. तपासल्याशिवाय मी निदान करणार नाही. पण हे आघातानंतरच्या तणावासारखं दिसतं आणि त्यावर उपचार आहेत. आघातावर केंद्रित समुपदेशनाच्या ठरलेल्या पद्धती आहेत, काहींना औषधही लागतं. उशीर झाला म्हणून उपयोग होत नाही असं अजिबात नाही.

हे फक्त आपल्याकडचंही नाही. २०२० च्या सुरुवातीला वुहान आणि आसपासच्या १,२५७ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, निम्म्यांना नैराश्याची लक्षणं होती, एक तृतीयांशांना निद्रानाश. आणि ती पाहणी साथीच्या पहिल्याच महिन्यांतली.

डॉक्टर येत का नाहीत? कारण वेटिंग रूममध्ये पेशंट भेटेल. कारण केमिस्ट ओळखतो. कारण स्वतःच गोळी लिहून घेता येते. झोपेच्या गोळीवर वर्षानुवर्षं असलेले सर्जन मी पाहिलेत. आणि कारण ज्या शहरात मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक अजून सर्रास पागलखाना चौक म्हणतात, तिथे ऑटोवाल्याला "माझ्या डॉक्टरकडे" म्हणणं सोपं नाही. न्यूयॉर्कच्या लोर्ना ब्रीन या आपत्कालीन विभागाच्या डॉक्टर २६ एप्रिल २०२० ला आत्महत्येने गेल्या. उपचार घेतले तर लायसन्स जाईल ही भीती त्यांना होती, असं घरच्यांनी सांगितलं. तिथे मार्च २०२२ मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर मी तुमचं नाव कुणालाही सांगू शकत नाही.

त्यांना न्यायचं कसं? "तुझ्या मनाला काहीतरी झालंय" म्हणू नका. झोपेबद्दल बोला. डॉक्टरला झोप न लागणं हे लक्षण म्हणून मान्य करता येतं. आणि एक प्रश्न सरळ विचारा: जगणं नको वाटतं का कधी? विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट अनेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, एकटं सोडू नका. कुणाशी अनोळखी राहून बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

---

संत्रानगरी (रात्री १०.४०)

चौकाच्या नावाचं खरंय हो. आम्ही लहानपणापासून म्हणतोय, कधी डोक्यातच आलं नाही. बस कंडक्टरही तसंच ओरडायचा.

---

काळी माती (रात्री १०.५२)

माझं सासर तिकडेच, मानकापूरला. लग्नपत्रिकेत "जवळची खूण" काय लिहायची यावरून घरात दोन दिवस वाद झाला होता. शेवटी स्टेडियम लिहिलं.

---

कर्णिका (रविवार, सकाळी ११.२०)

ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाची सर्जन. आमची लाट सगळ्यांची ओसरल्यावर आली. मे २०२१, म्युकर, म्हणजे काळी बुरशी. कोविडमधून वाचून घरी गेलेली माणसं, साखर वाढलेली, स्टिरॉइड झालेली, गालाला बधिरपणा घेऊन परत यायची. एंडोस्कोप आत घातला की काळं दिसायचं. तेवढं खरवडून काढायचं, टाळू काढायचा, डोळ्यात पसरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरला बोलवायचं आणि डोळा काढायचा. त्यावरचं औषध ॲम्फोटेरिसिन जिल्हा प्रशासनाकडून मोजून यायचं. माझ्या वॉर्डात जेवढ्यांना लागायचं त्याच्या निम्म्या वायल. कुणाला द्यायच्या ते मी ठरवायचं.

त्या दोन महिन्यांनंतर मला माणसांचे चेहरे पूर्ण बघता येईनात. घरी जेवताना नवऱ्याच्या तोंडाकडे बघून मी सायनस मोजायचे. आरशातही तेच. हे मी कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील असं वाटलं. शेवटी कॉलेजच्या मैत्रिणीला सांगितलं, ती मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबड्याची-चेहऱ्याची सर्जन. ती म्हणाली, "मी दात मोजते." आम्ही दोघी फोनवर खूप वेळ रडलो.

गेल्या दिवाळीत कॉटन मार्केटमध्ये एक काकू समोर आल्या. मी त्यांचा डोळा गेलेला ओळखला, त्यांना नाही. मला पळून जावंसं वाटलं. त्यांनी हात धरून विचारलं, "मॅडम, खोटा डोळा रात्री काढून ठेवायचा की घालून झोपायचं? सून म्हणते काढा, मला आळस येतो." भाजीच्या पिशव्या खाली ठेवून मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी मी एका माणसाचा चेहरा नुसता चेहरा म्हणून पाहिला.

---

सिस्टर नाही, माधवीताई (दुपारी १.०५)

सगळं वाचलं. भूलतज्ज्ञ, छातीवाले, ईएनटी. बारा तास बेडजवळ आम्ही होतो. नातेवाइकाचा व्हिडिओ कॉल पेशंटच्या कानाशी धरून उभी राहणारी मी होते. तिकडून मुलगी "बाबा, डोळे उघडा" म्हणते आणि तुम्हाला मॉनिटर दिसतोय. तज्ज्ञांसाठी वेगळा धागा काढलात, चांगलं केलंत. पण निशिगंधताई, तुमच्या मिस्टरांनी "उठल्यावर भेटू" म्हटलेलं ऐकणारी माणसं खोलीत होती. ती त्यांना दोष देत नाहीत, एवढं त्यांना सांगा. ट्यूब टाकून झाल्यावर जे डॉक्टर पेशंटच्या कपाळावर हात ठेवायचे, ते आम्हाला आठवतात.

---

निशिगंध (दुपारी १.३०)

माधवीताई, तो ठेवायचा हात. आमच्या मुलीलाही ताप आला की तसाच ठेवतो.

---

वऱ्हाडी ठेचा (सोमवार, रात्री १२.४०)

दोन दिवस वाचून रायलो, लिवलं नाही. आता लिवतो.

बाप गेला त्या रात्री दोन वाजता फोन आला. पोट्टाच होता डॉक्टर, आवाजावरून पंचविशीचा. "काका गेले" म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. मी त्याले जे नाही ते बोललो. माय-बहीण काढली. तो फोन ठेवूनच नाही रायला, ऐकत होता. मी थकलो तेव्हा म्हणाला, "दादा, सकाळी सातला या, कागदपत्रं मी तयार ठेवतो." आणि ठेवले होते. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्या दवाखान्याच्या बिलाचा राग माहा गेला नाही, जाणार नाही, तो बरोबरच आहे. पण त्या पोट्ट्याचं नाव मले माहीत नाही, याचं वाईट वाटते. मेसचा डबा, तू नसशील ना बे?

---

मेसचा डबा (रात्री १२.५५)

मी सरकारीत होतो दादा, मी नाही. पण असे फोन मीही केलेत. शिव्या लक्षात नाहीत. खरंच नाहीत. कुणी "तुम्ही जेवलात का" विचारलं होतं, ते लक्षात आहे.

---

जुना सीताबर्डीकर (सकाळी ६.४०)

शनिवारपासून अस्वस्थ आहे. मेसचा डबा या मुलाने विचारलं आणि मी "तीन" लिहिलं, तेव्हा पहिल्यांदा मोजले. त्यातला एक माझा रूममेट. त्याच्या हातून एक लहान मूल टेबलावर गेलं होतं, १९७९ साली. आम्ही त्याला म्हणालो, उद्या यादीत चार केसेस आहेत, चल. आम्हाला वाटलं मदत करतोय.

माझं वरचं मत मी बदलतो.

---

एक्सरेवाला (सकाळी ७.१५)

सर, नमस्कार करतो.

एक सांगायचं राहिलं. आम्ही सहाजण आहोत, दोन भूलतज्ज्ञ, एक फिजिशियन, एक बालरोगतज्ज्ञ, एक पॅथॉलॉजिस्ट आणि मी. शनिवारी सकाळी सेमिनरी हिल्सला जपानी गार्डनमध्ये चालतो. नाव नाही, ग्रुप नाही, फोटो काढत नाही. बोलायचंच असं नाही. पॅथॉलॉजिस्ट पहिले चार महिने एक शब्द बोलला नाही, नुसता चालला. नंतर चहा-पोहे. उपचाराची जागा हे घेत नाही, माझे उपचार वेगळे झालेत. पण उपचारापर्यंत मी याच रस्त्याने पोचलो.

---

निशिगंध (गुरुवार, रात्री ११.१०)

सगळ्यांना एकेक उत्तर देता येत नाही, रागावू नका.

मनकवडा यांनी सांगितलं तसं झोपेवरून सुरू केलं. तो म्हणाला, कॉफी कमी करतो. मग मी तो दुसरा प्रश्न विचारला. हात थरथरत होते माझे. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "नाही. मरावंसं नाही वाटत. पण त्यांना खोटं बोललो असं वाटतं." एवढंच. मग मी माधवीताईंचं लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकलं आणि उठून गॅलरीत गेला. परत आला तेव्हा म्हणाला, तो धागा मला पाठव.

काल रात्रभर वाचला. सकाळी म्हणाला, "ते ईएनटीवालं बरोबर आहे. मी मान मोजतो. कुणाची ट्यूब अवघड जाईल ते. लग्नात, लिफ्टमध्ये."

मनकवडा, एक विचारायचं आहे. त्याला नागपुरात कुणाकडे जायचं नाही, सगळे ओळखीचे. वर्ध्याला किंवा अमरावतीला जावं का?

---

मनकवडा (रात्री ११.३२)

जाऊ शकता. व्हिडिओवरही चालतं, घरातल्या खोलीतून, सुरुवातीला बऱ्याच डॉक्टरांना तेच सोपं जातं. व्यक्तिगत निरोपात दोन नावं पाठवतो, दोघेही नागपूरबाहेरचे. पहिल्या भेटीत सगळं सांगायचं नसतं. झोपेचं सांगितलं तरी पुरे.

---

निशिगंध (रात्री ११.४५)

मिळाली नावं. आभार.

@एक्सरेवाला, तो शेजारी बसलाय, विचारतोय शनिवारी कितीला?

---

एक्सरेवाला (रात्री ११.४७)

सव्वासहा. गेटजवळ निळी टोपी घालून उभा असेन. त्यांना सांगा, पोह्यांचे पैसे नवीन माणूस देत नाही.